तारेच्या पहिल्या आठवड्यातलं ताट

दातांना तार बसवून मूल दवाखान्यातून बाहेर पडतं, तेव्हा ते बऱ्यापैकी खुशीत असतं. तोंडात काहीतरी नवं आलंय, जीभ सारखी तिथेच जातेय, ओठ जरा पुढे आल्यासारखे वाटताहेत, एवढंच. खरं दुखणं सुरू होतं चार-पाच तासांनी. वाशीम, यवतमाळ किंवा अमरावतीला दिवसा तार बसवून एसटीने मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला परतलेल्या मुलाच्या बाबतीत ही वेळ नेमकी रात्रीच्या जेवणाची येते. ताटात ज्वारीची भाकरी, वरण, एखादी भाजी, बाजूला ठेचा. पहिला तुकडा मोडून तोंडात टाकला की मूल थांबतं. डोळ्यांत पाणी येतं आणि ताट बाजूला सरकतं.

घरच्यांकडे त्या वेळी दवाखान्यातून मिळालेला एक कागद असतो. अशा कागदांवर सहसा पॉपकॉर्न, च्युइंगगम, बर्फाचे तुकडे, पिझ्झाचा कडक काठ टाळायला सांगितलेलं असतं. खायला सांगितलेलं असतं पास्ता, पुडिंग, योगर्ट. सल्ल्यात चूक काहीच नाही. पण मानोरा तालुक्यातल्या घरात संध्याकाळी जे शिजतं, त्यातलं नाव त्या कागदावर नसतं. भाकरीचं काय करायचं? हुरडा चालेल का? शेंगदाणे पूर्ण बंद करायचे का? बोरं, ऊस, फुटाणे? या प्रश्नांची उत्तरं आईने किंवा आजीने अंदाजाने शोधायची, असा हा कारभार आहे. तो बदलायला हवा. तार बसवणं डॉक्टरचं काम असलं, तरी पुढची दीड-दोन वर्षं त्या तारेसह जेवणं हे मुलाचं, घराचं आणि शाळेचं काम आहे. त्या कामासाठी लागणारी माहिती आपल्या ताटातल्या पदार्थांची नावं घेऊन मिळाली पाहिजे.

का दुखतं, हे मुलाला आधी सांगितलं तर अर्धी भीती कमी होते. दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा दाब आला की एका बाजूचे तंतू दाबले जातात, तिथे सूज येते आणि चावताना कळ जाते. याच दाबामुळे एका बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, मग उतरत जातं आणि आठवडाभरात बहुतेक मुलं जवळपास नेहमीसारखं जेवू लागतात. पुढे दर चार ते आठ आठवड्यांनी तार बदलली किंवा घट्ट केली की पुन्हा एक-दोन दिवस ठणका लागतो. हे ठाऊक असलेलं मूल दुसऱ्या दिवशी घाबरत नाही. वेदनाशामक गोळी लागलीच तर वयाप्रमाणे किती आणि कोणती, हे डॉक्टरांनाच विचारावं. घरातल्या डब्यात पडलेली ॲस्पिरिन मुलाला देऊ नये.

आता भाकरी. तव्यावरून उतरून आरावर फुगवलेली भाकरी गरम असताना मऊ असते. अर्ध्या तासात तिच्या कडा वाळतात आणि त्या कडेचा एक तुकडा ब्रॅकेट उखडायला पुरतो. ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, दातावर चिकटवलेलं असतं. ते थेट दाबाला बऱ्यापैकी टिकतं. समोरच्या दातांनी काही तोडताना बाजूने ओढ बसते, तिथे ते हार मानतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मुलाची भाकरी वेगळी करायची: तव्यावरून आल्याआल्या कडा काढून टाकायच्या, उरलेली बारीक कुस्करायची, वर गरम दूध किंवा पातळ वरण ओतायचं आणि ताटली झाकून दहा मिनिटं ठेवायची. बोटाच्या चिमटीत दाबल्यावर तुकडा सहज मोडला की तो मुलाला द्यायला हरकत नाही. बंजारा तांड्यावरच्या घरात भाकरीलाच बाटी म्हणतात, आणि दुधात कुस्करलेली बाटी दात पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी पिढ्यान् पिढ्या केली जाते. ते कसब घरात आहेच, आता नातवासाठी वापरायचं.

विदर्भाच्या स्वयंपाकघरात मऊ पदार्थांची वाण कधीच नव्हती. ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक, आंबील, पातळ पिठलं, कढी-भात, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, दुधातली शेवई, रव्याचा शिरा, उपमा, कुस्करलेलं केळं, पिकलेली पपई. अंडं खाणाऱ्या घरात मऊ भुर्जी. मटणाचा रस्सा खाणाऱ्या घरात रश्शात भिजवलेला भात, हाडाला न लागलेलं मांस बारीक करून. पहिले तीन दिवस ठेचा आणि झणझणीत रस्सा मात्र बाजूला ठेवावा, कारण गालाच्या आतल्या बाजूला ब्रॅकेट घासून फोड आलेला असतो आणि तिखट तिथे आगीसारखं लागतं. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या, आणि टोचणाऱ्या ब्रॅकेटवर डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची चिमूटभर गोळी दाबून बसवणं, एवढ्याने बराच आराम पडतो. मेण लावण्याआधी ब्रॅकेट कापसाने पुसून घ्यावं, नाहीतर ते घसरतं.

शेंगदाणे बंद करायची गरज नाही, अख्खे खायचे नाहीत इतकंच. कूट करून भाजीत, ताकात, गुळासोबत मऊ वळून द्यावेत. काकडी आणि पेरू किसून किंवा पातळ काप करून. कोवळा हुरडा तोंडात मऊ लागतो, पण दाणे तारेत अडकतात. पहिला महिना गेल्यावर खावा आणि लगेच चूळ भरावी. ऊस दातांनी सोलणं, बोराच्या बियांशी खेळणं, कडक फुटाणे, कच्ची सुपारी हे दोन वर्षं नाहीच. इथे घरच्यांनी ठाम राहिलं पाहिजे.

ठाम राहण्याचं कारण अंतर आहे. मोठ्या शहरातल्या मुलाचं ब्रॅकेट निघालं तर संध्याकाळी आई त्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेते. पोहरादेवीच्या मुलाचं ब्रॅकेट निघालं तर शाळेचा एक दिवस जातो, आई किंवा बापाची एक मजुरी जाते, वर एसटीचं भाडं. उपचार नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चालू असतील तर दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. हंगामात ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जाणाऱ्या घरांत तर पुढची तारीख चुकते ती चुकतेच, आणि निघालेल्या ब्रॅकेटखालचा दात तोवर सरकायचा थांबतो किंवा मागे फिरतो. त्यामुळे कागदावरची ‘कडक पदार्थ टाळा’ ही ओळ शहरात सूचना असेल, इथे ती घरखर्चाचा प्रश्न आहे. म्हणून ती इथल्या पदार्थांनिशी लिहायला हवी.

काही घरांत उलट टोक गाठलं जातं. मूल रडतं म्हणून आठवडाभर चहा-बिस्कीट, दुकानातली क्रीम बिस्किटं, आइस्क्रीम. दोन दिवस ठीक, पण ज्या वयात तारा बसतात ते साधारण अकरा ते चौदा वर्षांचं वय म्हणजे वाढीचा भरधाव काळ. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 32 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, तेरा ते पंधराच्या वयात ती गरज 43 ते 45 ग्रॅमपर्यंत जाते. बिस्किटांतून ती मिळत नाहीत. घट्ट वरण, दही, दूध, अंडं, कूट यांतून मिळतात, आणि यातलं काहीही चावायला अवघड नाही.

शाळेचा वाटा इथे येतो. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदळाचं जेवण मिळायचं असतं. त्यातून अनुक्रमे 450 आणि 700 कॅलरी, 12 आणि 20 ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असा निकष आहे. अनेक मुलांच्या दिवसातला हा मोठा आधार. मटकीची किंवा चवळीची उसळ कमी शिजली असेल तर तार बसवलेलं मूल ती ताटात सोडतं. शाळेने करायचं ते फार नाही: त्या मुलाला भातावर रस जास्त आणि उसळ ठेचून वाढणं, जेवायला दहा मिनिटं जादा देणं आणि जेवल्यावर नळावर जाऊन चूळ भरण्याची, शक्य असेल तर ब्रश करण्याची मोकळीक. पालकांनी तार बसवण्याआधीच वर्गशिक्षकांना आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगून ठेवावं. वर्गात मुलाला ‘लोखंडी दात’ म्हणून चिडवणं सुरू झालं तर गुरुजींनी पहिल्याच दिवशी थांबवावं. चिडवलं गेलेलं मूल तोंड उघडायला लाजतं आणि चारचौघांत जेवणंच टाळतं.

हळदीचीही एक गंमत आहे, आणि मुलं ती दोन दिवसांत शोधून काढतात. तारेला ब्रॅकेटशी बांधणाऱ्या छोट्या रबरी कड्या पांढऱ्या किंवा पारदर्शक निवडल्या तर तुरीच्या वरणाने त्या पिवळ्या पडतात. दातांना त्याने काही होत नाही आणि पुढच्या भेटीला कड्या बदलल्या जातात. तोवर मुलगी हसताना तोंडावर हात धरते. दवाखान्यात रंग विचारतात तेव्हा निळा, हिरवा, जांभळा घ्यावा आणि वरण पोटभर खावं.

गोड चिकट पदार्थांची भीती मात्र खरी आहे. चिक्की, रेवडी, टॉफी ब्रॅकेट ओढतात हे एक, आणि ब्रॅकेटच्या कडेला चिकटून राहतात हे त्याहून वाईट. तिथे साचलेल्या साखरेवर जंतू आम्ल बनवतात आणि दातावरचं कवच झिजून पांढरे डाग पडतात. नीट घासलं नाही तर असे डाग महिन्याभरातही दिसू लागतात, आणि तार काढल्यावर सरळ झालेल्या दातांवर ते तसेच राहतात. फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा ब्रश, प्रत्येक ब्रॅकेटच्या वर आणि खाली वेगळा हात फिरवणं, रात्री मोठ्यांपैकी कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडून तोंड बघणं, हे रोजचं काम आहे.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, सावंगीचं शरद पवार दंत महाविद्यालय, अमरावतीचं दंत महाविद्यालय या तिन्ही ठिकाणी विदर्भातल्या गावागावांतून मुलं येतात. या संस्थांनी मिळून मराठीत, चित्रांसह एक पान काढावं: भाकरी, कण्या, हुरडा, ऊस, कूट, फुटाणे अशी नावं घेऊन. ब्रॅकेट निघालं तर काय करायचं, हेही त्यावर हवं. सुटलेला तुकडा जपून ठेवा, टोचणाऱ्या तारेच्या टोकावर मेण लावा, ओढू नका, फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवा. तुकडा गिळल्यावर सतत खोकला किंवा धाप लागली तर वाट न बघता रुग्णालय गाठा. तांड्यावर ज्यांना वाचता येत नाही त्या आज्यांसाठी तोच मजकूर बंजारा समाजाच्या गोरबोलीत ध्वनिफितीवर द्यावा. या कामाला लाखो रुपये लागत नाहीत.

पोहरादेवीच्या घरांनी वर्षाचा एक हिशेबही आधी करून ठेवावा. रामनवमीला देशभरातून बंजारा भाविक सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेच्या दर्शनाला येतात. गाव पाहुण्यांनी भरतं, घराघरात रांधणं-वाढणं चालतं, वाटेवर फुटाणे-रेवड्यांची दुकानं लागतात, हातावर खोबऱ्याचा प्रसाद पडतो. तार बसवण्याची किंवा घट्ट करण्याची तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर डॉक्टरांना सांगून ती यात्रेनंतरची मागून घ्यावी. खोबरं किसून खाता येतं, पाहुण्यांना आधी कल्पना देता येते, आणि यात्रेच्या गर्दीत ब्रॅकेट निघालंच तर एसटीत जागा मिळायला दोन दिवस थांबावं लागेल, हे धरूनच मेणाची डबी घरात भरलेली ठेवावी.