मोहाखाली झोपलेला माणूस

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसने एक कार्यशाळा ठेवली होती. विषय : चिंतामुक्त जीवन. चंद्रपुरातलाच एक एसी हॉल, दोन तास भाषण, शेवटी समोसा आणि चहा. म्हटलं चला, तेवढीच फायलींपासून सुटका!

वक्ते बाहेरून आले होते. बोलले छान. काल गेला, उद्या अजून आलेला नाही, हातात आहे तो फक्त आज, वगैरे. मग त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. मोहाचं झाड, त्याखाली एक माणूस हाताची उशी करून गाढ झोपलेला, शेजारी टोपली. "सकाळचे अकरा वाजलेत. याच्याकडे बँक बॅलन्स नाही, विमा नाही. पण झोप बघा! तुमच्याच गडचिरोलीतला आहे, शिका याच्याकडून." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? घरी पोचेपर्यंत मात्र डोकं सणकलं होतं.

कारण तो माणूस अकराला का झोपला असेल, हे मला माहीत आहे. तो पहाटे तीन-साडेतीनला उठलेला असणार!

माझी मावशी नागभीड तालुक्यात असते. लहानपणी उन्हाळ्यात मी तिच्याकडे जायचो. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं रात्रभर आणि पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली पोचावं लागतं. मावशी मला हलवून उठवायची. "ऊठ बाबू, झोपून रायलो त हरनं खाऊन टाकतेत." हरणांचं एक वेळ ठीक, अस्वलालाही मोह भारी आवडतो. एकेक फूल वाकून वेचायचं, घरी आणून अंगणात वाळवायचं, भरून ठेवायचं आणि पावसाळ्यात हात अडला की विकायचं. मे महिन्यात तेंदूपत्ता. त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पण त्याच पैशातून धानाचं बी-बियाणं येतं. आता मला सांगा, यात उद्याचा विचार न करणारा माणूस कुठे दिसतो तुम्हाला? त्या फोटोतली टोपली म्हणजेच त्याचा विमा होता की!

जंगलातला माणूस बघा कसा मजेत, ही शहरी लोकांची जुनी खोड आहे. दुसऱ्याची चिंता आपल्याला दिसली नाही म्हणजे त्याला ती नाहीच, असं आपण धरून चालतो. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तिघी, एकाच दिवशी. त्यांच्या घरच्यांना जाऊन सांगायचं का, फक्त आज जगा म्हणून?

त्या बातमीनंतर मी मावशीला फोन केला होता. म्हटलं, भीती नाही वाटत? तर म्हणाली, "भेव लागते ना बाबू. म्हून त एकटी नाही जात." मग मला तिच्या पहाटा आठवल्या. पाच-सहा जणी मिळून जायच्या, अंधारात एकमेकींना हाका मारत, कुणाच्या सुनेवरून, कुणाच्या बकरीवरून मोठमोठ्याने बोलत, हसत. मला तेव्हा वाटायचं या किती खुशीत आहेत! खुशीत होत्याच. पण ते मोठ्याने बोलणं जनावराला आपली चाहूल लागावी म्हणूनही होतं. भीती घरी ठेवून त्या आल्या नव्हत्या. ती सोबत घेऊन, आपसात वाटून आल्या होत्या. हसू त्यातूनच येत होतं.

माझं भांडण आहे ते इथे. चिंता ही एकट्याच्या डोक्यातली कचरापट्टी आहे, ती एकट्यानेच झाडून काढायची, हे या कार्यशाळावाल्यांना कुणी सांगितलं? धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. आपल्या जंगलाचं काय होणार, या चिंतेवर तिथल्या गोंडांनी डोळे मिटून श्वास नाही मोजले. ग्रामसभेत बसले, अभ्यासगट केले, सगळे एकमत होईपर्यंत बोलत राहिले. कितीही बैठका लागोत. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी 2011 उजाडावं लागलं. तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात यावं लागलं. उद्याची चिंता करायचीच नाही असं ठरवून बसले असते, तर बांबू दुसऱ्याच्याच ट्रकमधून गेला असता.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, पण निरर्थक चिंताही असतेच ना? असते. माझी बरीचशी तशीच आहे. मी रोज रात्री तीनला जागा होतो. घराचा हप्ता, पुण्यातल्या मुलीची नोकरी, वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन. तीच वेळ, जेव्हा मावशी टोपली घेऊन निघते. ती उठून चालायला लागते, मी छताकडे बघत पडतो, एवढाच फरक. आणि हो, ती पाच जणींत असते. मी शेजारी झोपलेल्या बायकोलाही उठवत नाही.

कार्यशाळेच्या रात्रीही जागा झालो. श्वास मोजून पाहिले, चाळीसनंतर परत हप्ताच आठवला. शेवटी बायकोला हलवलं. ती घाबरलीच आधी! मग दोघांनी दिवा लावून वहीत सगळं लिहून काढलं. हप्ता किती, ऑपरेशनला किती लागतील, भावाला किती मागायचे. भावाला मागायचे हे मी आठ महिने एकटाच घोळवत होतो. बायको म्हणाली, "एवढंच होय? मी बोलते उद्या वहिनींशी." हप्ता काही कमी झाला नाही. पण पाचला तिने चहा केला, आम्ही गॅलरीत बसलो, आणि कितीतरी दिवसांनी मला नुसता चहा प्यायल्यासारखं वाटलं.

येत्या मार्चमध्ये चार दिवस मावशीकडे जायचं म्हणतोय. फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली. "ये ना. पन वाकता येते का आता तुले?"