बालवीर पथके आणि आपली मुले

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे नाव दूरदूरच्या वर्तमानपत्रांत झळकते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा असतो. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासनाने बंदोबस्त करून पाहिला, दगडांऐवजी रबरी चेंडूही पुढे करून पाहिले. पण गोटमार काही थांबली नाही. तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे, तिच्यात भर घालण्याचा येथे हेतू नाही.

मात्र सारे आयुष्य मुलांत घालवलेल्या शिक्षकाची नजर त्या दिवशी झेंड्यावर ठरत नाही, ती पोरांवर जाते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्या गर्दीत काय घेऊन उतरतो? धाडस, चपळाई, गावाचा अभिमान, आणि पडलेल्या सवंगड्याला ओढून बाहेर काढण्याची तयारी. हे सारे गुणच आहेत. वर्षातील एका दिवशी त्यांना वाट सापडते. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत त्या गुणांचे आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे. वर्गात आपण त्यांना गप्प बसायला सांगतो, घरी अभ्यासाला बसवतो, आणि उरलेला वेळ पानठेला व हातातला मोबाईल यांच्या स्वाधीन करतो.

या प्रश्नाचे एक जुने आणि कसोटीला उतरलेले उत्तर म्हणजे बालवीर पथक, ज्याला आज आपण सारे स्काऊट म्हणतो.

या चळवळीचा जन्म एका सेनापतीच्या अनुभवातून झाला. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस वेढा पडला होता. गावात शिपाई थोडे होते, म्हणून निरोप पोचविणे, टेहळणी करणे अशी कामे तेथील लहान मुलांवर सोपविण्यात आली आणि त्यांनी ती सायकलवरून हिंडत चोख पार पाडली. बेडन-पॉवेल यांच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली. मुलावर विश्वास टाकला, त्याला खरे काम दिले, तर तो ते करून दाखवतो. पुढे १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती आणि कामगारांचीही होती. एकाच तंबूत ती झोपली, एकाच चुलीवर त्यांनी रांधले. १९०८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ देशोदेशी पसरली.

आपल्याकडे ती १९०९ मध्ये बंगळूरला आली, पण गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच. हिंदी मुलांना तीत प्रवेश नव्हता. हा अपमान ज्यांनी निमूटपणे सोसला नाही, त्यांत डॉ. ॲनी बेझंट होत्या, पंडित मदनमोहन मालवीय होते आणि पंडित हृदयनाथ कुंझरू होते. कुंझरू हे नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात समाजाचे स्वयंसेवक पथक त्यांच्याच नेतृत्वाखाली यात्रेकरूंची सेवा करीत होते, आणि त्या पथकाच्या मदतीला गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह गेले होते. म्हणजे १९१८ मध्ये अलाहाबादेस सेवा समितीची बालवीर संस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी गोखल्यांच्या सेवाव्रताचेही पाणी होते. मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवावे.

पुढे अनेक संस्था झाल्या, मतभेद झाले. १९३७ मध्ये दिल्लीच्या मेळाव्याला बेडन-पॉवेल आले, तेव्हा भारतीयांच्या चारित्र्यासंबंधी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी मोठा क्षोभ झाला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर या सर्वांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही एकच संस्था झाली. १९५१ च्या १५ ऑगस्टला मुलींची गाइड संस्थाही तीत मिळाली. या एकीकरणासाठी झटणाऱ्यांत पंडित नेहरू, मौलाना आझाद, कुंझरू यांच्या जोडीला दोन नावे आपल्या अगदी जवळची आहेत. एक, नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले व्हिव्हियन बोस. आणि दुसरे, त्या वेळी नागपुरास राज्यपाल असलेले मंगलदास पकवासा. तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा बदलल्या, राजधानी भोपाळला गेली, आपण इकडे राहिलो. पण बालवीर चळवळ आपल्याला परकी नाही, तिचा एक धागा आपल्याच जुन्या राजधानीतून गेलेला आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

आता या शिक्षणाची रीत पाहू. पुष्कळांची समजूत अशी की स्काऊट म्हणजे कवायत, शिट्टी आणि गळ्यातला स्कार्फ. वस्तुतः त्याचा प्राण आहे टोळीत. सहा ते आठ मुलांची एक टोळी, तिचा नायक त्यांच्यातलाच एक. पाणी कोण आणील, चूल कोण मांडील, रात्री पहारा कोण देईल, हे शिक्षक ठरवीत नाही, टोळी ठरवते. चुकले तर उपाशी राहण्याची पाळीही टोळीवरच येते. बेडन-पॉवेल यांनी म्हटले आहे की एका पथकात बत्तीसपेक्षा अधिक मुले नसावीत. कारण आपल्याला स्वतःला सोळाच मुले नीट सांभाळता येतात, आणि दुसरा शिक्षक आपल्याहून दुप्पट कर्तबगार असेल असे धरून चालू! साठ-सत्तर मुलांच्या वर्गापुढे उभे राहणाऱ्या आम्हा शिक्षकांना या विनोदातले शहाणपण चटकन कळते.

दुसरी गोष्ट, येथे प्रत्येक धडा हाताने गिरवावा लागतो. किमचा खेळ म्हणून एक खेळ आहे. किपलिंगच्या कादंबरीवरून त्याला हे नाव पडले. ताटात चोवीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट पाहू द्यायच्या, मग कापड टाकून आठवतील तेवढ्या लिहायला सांगायच्या. पाठांतरात मागे पडणारा मुलगा या खेळात पुष्कळदा पहिला येतो आणि वर्गाचे त्याच्याविषयीचे मत बदलते. तसेच दोरीच्या गाठींचे. आमच्या बैलगाडीवाल्याच्या किंवा विहिरीवर राबणाऱ्याच्या मुलाला त्या निम्म्या आधीच येत असतात. बिनभांड्याचा स्वयंपाक हाही एक पाठ आहे. शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या आपल्या लोकांनी तो कोणत्या पुस्तकातून घेतला? मुलाला घरी जे येते त्याला शाळेत मान मिळतो, ही या शिक्षणाची थोरवी मला सर्वांत मोठी वाटते. संत्र्याच्या बागेच्या मालकाचा मुलगा आणि त्याच बागेत तोडणीला जाणाऱ्या मजुराचा मुलगा एका टोळीत आले, आणि मजुराचा मुलगा टोळीनायक झाला, तर जे समाजशास्त्र ते दोघे शिकतील ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

तिसरी गोष्ट प्रथमोपचाराची, आणि ती आपल्या गावी विशेष अगत्याची. स्कार्फ हा नुसता शोभेचा नाही. तो त्रिकोणी असतो तो अशासाठी की हात मोडला तर झोळी व्हावी, डोके फुटले तर पट्टी व्हावी. दोन लाठ्या आणि दोन सदरे यांची डोली करता येते. रक्त वाहत असेल तर जखमेवर हळद, राख किंवा माती न दडपता स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, जखमीला हलवू नये, भोवतालची गर्दी हटवावी. या चार गोष्टी गावातल्या शंभर मुलांना हाताने करता आल्या, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या काठावर किती फरक पडेल, याचा विचार वाचकांनीच करावा. दगड उचलण्याइतकेच धाडस जखमीला उचलण्यासाठी लागते. पण ते कोणी तरी शिकवावे लागते. जामसावळीला हनुमान जयंतीस लोटणारी गर्दी, उन्हाळ्यातल्या पाणपोया, बसस्थानकावर चुकलेले मूल — सेवेला जागा कमी नाहीत.

सेवेची ही वृत्ती आपल्या मातीला नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून श्रमदान आणि सामुदायिक प्रार्थना यांचे जे वळण लावले, ते वऱ्हाड-नागपूरप्रमाणे आपल्या खेड्यांतही पोचले. पथकाने आपली सेवा त्याच वळणावर नेली तर गावाला ती उपरी वाटणार नाही.

हे सारे खरे असले तरी आजचे चित्र काही समाधानाचे नाही. कित्येक ठिकाणी पथक हजेरीपटावर असते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गणवेश पेटीतून निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेटीत जातो. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी ही चढण आहे. ती चढताना पाय दमले पाहिजेत. रेल्वेच्या भरतीत स्काऊटांसाठी काही जागा असतात हे खरे, आणि गरिबाच्या मुलाला त्याचा लाभ झाला तर आनंदच आहे. पण प्रमाणपत्र हाती आले आणि गाठ बांधता येत नाही, अशी अवस्था झाली तर ती मुलाची फसवणूक ठरते. त्याला आपण प्रामाणिकपणाच्या प्रतिज्ञेच्या नावाखालीच खोटेपणा शिकवलेला असतो.

पालकांचेही एक म्हणणे असते. "गुरुजी, पोट्ट्याचा अभ्यास बुडते न!" असे एखादी आई काकुळतीने सांगते, आणि तिला दोष देता येत नाही. तिच्या दृष्टीने नागपूरच्या महाविद्यालयातला प्रवेश हीच संकटातून बाहेर पडण्याची वाट असते. तिला एवढेच सांगावे की आठवड्यातले दोन तास अभ्यासातून वजा होत नाहीत. वेळेवर उठणे, आपले कपडे आपण धुणे, दहा जणांत मिळून मिसळून राहणे, हे ज्याला घरापासून दूर वसतिगृहात राहावे लागणार आहे त्याला गणिताइतकेच उपयोगी पडते. मुलींच्या बाबतीत काळजी अधिक असते, आणि ती रास्त आहे. गाइड पथकाची कॅप्टन स्त्रीच असावी लागते, हे पुष्कळ घरी माहीत नसते. आपल्या शिक्षिका भगिनींनी पुढे येऊन ते सांगितले पाहिजे.

आणखी एक लहानशी सूचना. आपली मुले शाळेत हिंदीतून शिकतात. आज्ञा हिंदीत, प्रार्थना हिंदीत. त्यात वावगे काही नाही. पण रात्रीची शेकोटी ही मुलांची स्वतःची असते. तेथे आजीकडून ऐकलेली गाणी, पोळ्याच्या झडत्या आणि घरच्या बोलीतल्या गोष्टी येऊ द्याव्यात. भाषा टिकविण्याच्या सभांतून जे होत नाही, ते शेकोटीभोवती सहज होऊन जाते.

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. दोन तालुक्यांचा हा आटोपशीर जिल्हा आहे; सकाळच्या गाडीने निघालेली टोळी मेळावा आटोपून सायंकाळी घरी येऊ शकते. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तेही आपल्याच राज्यात. साधने हाताशी आहेत. उणीव आहे ती माणसांची. प्रत्येक गावात एखादा निवृत्त सैनिक, एखादी परिचारिका, एखादा पोहणारा, एखादा सुतार असतोच. त्याने महिन्यातून एक शनिवार जवळच्या शाळेला द्यावा, आणि शाळेने त्याला मानाने बोलवावे. येत्या पोळ्यापूर्वी तुमच्या गावची एक टोळी जरी पट्टी बांधायला शिकली, तरी या महिन्याचे पान लिहिल्याचे सार्थक होईल. वाचकांनी आपापल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे: आपल्याकडे पथक आहे काय, आणि ते शेवटचे मैदानात केव्हा उतरले होते?