गणित घरातलं : आठ शंकरपाळ्यांचा तारा

मुलांनो, रात्री अंगावर घेता ती गोधडी दिवसाउजेडी अंगणात पसरून कधी नीट पाहिली आहे का? आपल्या परभणी जिल्ह्यात कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. विठ्ठल जनाबाईच्या घरी आला आणि पहाटे घाईघाईत तिचीच वाकळ पांघरून देवळात गेला, अशी गोष्ट म्हातारी माणसं सांगतात. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि सगळं धावदोऱ्याने शिवायचं, की झाली वाकळ. पण त्या तुकड्यांत केवढं गणित आहे, ते आज पाहू.

चौकोनी तुकडे जोडणं सोपं. चार चौकोनांचे कोपरे एका ठिकाणी आले, की चार काटकोन झाले. ९० × ४ = ३६०. कापड सपाट बसलं! अवघड जातात ते तिरपे तुकडे. समजा, आपल्याला आठ टोकांचा तारा करायचा आहे. कसा कराल?

आधी कागदावर करू. एका मोठ्या कागदावर ४-४ सेंमी अंतराने समांतर रेघा मारा. आता कागदाचा चौकोनी तुकडा कर्णावर दुमडा. काटकोनाचा अर्धा, म्हणजे ४५ अंशांचा कोन मिळाला. हा कोन धरून त्या रेघांवर दुसऱ्या तिरप्या रेघा मारा. त्यांच्यातलं सरळ अंतरही ४ सेंमीच ठेवा. दिवाळीत पोळपाटावर शंकरपाळ्या कापतात ना, अगदी तसंच. दोन्हीकडचं अंतर सारखं, म्हणून प्रत्येक शंकरपाळीच्या चारही बाजू सारख्या येतात. भूमितीच्या पुस्तकात हिलाच समभुज चौकोन म्हणतात. हिचे दोन कोन ४५ अंशांचे आणि दोन १३५ अंशांचे.

अशा आठ शंकरपाळ्या कापा आणि त्यांची निमुळती टोकं मध्यभागी आणा. ४५ × ८ = ३६०. तारा तयार!

आता गंमत पाहा. कात्री जराशी चुकली आणि प्रत्येक कोन ४४ अंशांचाच आला, तर? ४४ × ८ = ३५२. आठ अंश कमी पडले. तारा सपाट न बसता मधून उचलला जाईल, द्रोणासारखा. कोन ४६ अंशांचे झाले तर बेरीज ३६८. आता कापड जास्त झालं, त्याला झालरीसारख्या चुण्या पडतील. एका तुकड्यातली एक अंशाची चूक डोळ्यांना दिसत नाही, पण आठ तुकड्यांची मिळून लगेच दिसते.

ताऱ्याच्या दोन टोकांमध्ये खाच राहते. तिथे काय बसवायचं? अंदाज नको, हिशोब करा. खाचेच्या तळाशी दोन शंकरपाळ्यांचे मोठे कोन भेटतात. १३५ + १३५ = २७०. ३६० मधून २७० गेले, उरले ९०. म्हणजे काटकोन! चार कोपऱ्यांतल्या खाचांत शंकरपाळीच्या बाजूएवढे, साधारण ५.७ सेंमीचे, चार चौकोन बसतात. मधल्या चार खाचांत काटकोनी त्रिकोण बसतात. ते मिळवायला ८ सेंमीचा एक चौकोन घ्या आणि त्याचे दोन्ही कर्ण कापा. चारही त्रिकोण बरोब्बर मापाचे निघतात. सगळं जुळलं की एक मोठा चौकोन तयार होईल. पट्टीने मोजा, त्याची बाजू १९.३ सेंमीच्या आसपास यायला हवी.

कागदावर जमलं, की कापडाकडे वळा. पण कापड म्हणजे कागद नव्हे! हातरुमालाची कड दोन्ही हातांनी ओढा. फारशी ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. लांबतो की नाही? कापडात धागे उभे आणि आडवे असतात, तिरपे नसतात. म्हणून तिरपी कड ओढली की ताणते. शिंपीकाका तिला उरेब म्हणतात. उरेब कड ओढूनताणून शिवली, तर मापात कापलेला कोनही बिघडतो. आपण ८ सेंमीच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण कापले, त्याचाही इथे फायदा होतो. त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर येते आणि बाहेरची कड ताणत नाही.

दुसरी गोष्ट मायेची. शिवणीसाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. किती छान शब्द आहे! प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी सारखी, अर्धा सेंमी माया सोडा आणि आतली मापाची रेघ पेन्सिलने आखा. दोन शंकरपाळ्या जोडताना खाचेकडच्या टोकाला आखलेल्या रेघा जिथे मिळतात तिथेच थांबा, गाठ मारा. कापडाच्या कडेपर्यंत शिवलंत, तर खाच उघडणार नाही आणि चौकोन बसणार नाही. चौकोनाची एक बाजू खाचेच्या तळापासून बाहेर शिवा. मग पुन्हा तळाशी येऊन दुसरी बाजू शिवा.

एवढी खटपट नको असेल, तर जुनी युक्ती आहे. तुकड्याच्या कडा आत दुमडून तो खालच्या कापडावर ठेवायचा आणि वरून धावदोरा घालायचा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका अशीच गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत शिवत येतात आणि चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांचं फूल लावतात.

काही मुलं म्हणतात, "आजीला काय गणित येतंय! ती तर शाळेतच गेली नाही." लेकरांनो, गोधडी शिवणारी आजी ४५ अंश म्हणत नाही. ती कापडाची घडी घालून कोन काढते. तुकड्यांवरून हात फिरवून "फुगतंय गं" म्हणते आणि टाके उसवते. ३६० पेक्षा कमी पडले, हे तिच्या तळहाताला कळतं. हे ज्ञान तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. आपण विचारलं नाही, तर ते तिच्याबरोबरच जाईल.

पालकहो, जुनी लुगडी भांडेवालीला देण्याआधी एक-दोन बाजूला ठेवा. मुलांना आजीजवळ बसवा. आणि सुई मुलीच्याच नव्हे, मुलाच्याही हातात द्या.

आता तुमच्यासाठी कोडं. आठऐवजी सहाच शंकरपाळ्यांचा तारा करायचा आहे. निमुळता कोन किती अंशांचा हवा? आणि दोन टोकांमधल्या खाचेत कोणता आकार बसेल? कागद कापून पाहा. उत्तर पुढच्या अंकात!