आधी कोच आणा, मग रेडर

कबड्डी बघणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक, जे रेडरकडे बघतात. दोन, जे डाव्या कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात. दुसऱ्या प्रकारची मंडळी कमी, आणि त्यातली बरीचशी कधीतरी स्वतः मातीत गुडघे सोलून घेतलेली. मी वडवणीचा, म्हणजे बीड जिल्ह्यातला, आणि दुसऱ्या प्रकारातला. (राखीव खेळाडूच्या बाकड्यापुढे माझी मजल कधी गेली नाही, पण बाकड्यावरून कोपरारक्षक फार छान दिसतो.)

तर आजचा विषय हा की संघ बांधताना लोक आधी रेडर शोधतात आणि हे साफ उलटं आहे. आधी कोच शोधावा, त्याला पकडी शिकवता येतात का ते बघावं, मग त्याच्या हाताखाली द्यायला चार दणकट पोरं शोधावीत. रेडर सगळ्यात शेवटी. हे ऐकून रूममेट हसला. म्हणाला, मग पॉइंट कोण आणणार? अरे बाबा, समोरच्याचा रेडर पकडला की पण पॉइंटच मिळतो! वर त्यांचा हुकमी माणूस बाहेर बसतो. आपले तीन किंवा कमी खेळाडू मैदानात असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, दोन गुण.

२०१८ चा प्रो कबड्डीचा लिलाव आठवतो का? त्यात पहिल्यांदा खेळाडूंनी कोटीचा आकडा गाठला. सहा जण होते. मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना हरियाणाकडे, आपला रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना यूपीकडे, राहुल चौधरी, नितीन तोमर, दीपक हुडा वगैरे. त्या सहांत निव्वळ बचावपटू एकच होता, आणि तो इराणचा. फझल अत्राचली, बरोब्बर १ कोटी, यू मुंबा. म्हणजे ज्या मातीत हा खेळ जन्माला आला असं आपण छाती फुगवून सांगतो, तिथल्या एकाही पकडीच्या खेळाडूला कोणी कोटीचा मानला नाही. आणि दीड कोटीचा रेडर घेतलेला हरियाणाचा संघ त्या हंगामात बाद फेरीतसुद्धा पोचला नाही. एकट्या गोयतचा दोष नाही त्यात. एक माणूस तीस सेकंदांची चढाई करून परत येतो, पुढच्या तीस सेकंदांत समोरचा येऊन तुमचे दोन गडी टिपून जातो, तर हिशोब काय राहिला?

आता पुण्याचं बघा. पुणेरी पलटणने २०२२ मध्ये फझलला १ कोटी ३८ लाखांना घेतलं आणि कोच म्हणून बी. सी. रमेश यांना आणलं. हे रमेश कर्नाटकचे, अर्जुन पुरस्कार मिळवलेले खेळाडू, आणि २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद त्यांच्याच हाताखाली मिळालेलं. पहिल्या वर्षी पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली, ३३-२९. पुढच्या वर्षी फझल गेला आणि त्याच्या जागी त्याच्याच देशाचा, त्याच्याच कोपऱ्यातला मोहम्मदरेझा शादलुई आला, २ कोटी ३५ लाखांना. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. मथळ्यात शादलुई होता, ते ठीकच. पण डावा कोपरा एकट्याने चालत नाही हो. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. त्या चौघांची साखळी कोणीतरी रोज सकाळी घासून घेतली होती आणि त्याचं नाव लिलावात पुकारलं जात नाही.

पुढच्याच हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना, आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणा जिंकली. तिथे कोच मनप्रीत सिंग, जे स्वतः २०१६ मध्ये पाटण्याचे कप्तान म्हणून जिंकलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीने आपल्या पलटणला अंतिम सामन्यात ३१-२८ असं हरवलं (अजून दुखतंय). त्यांचा कोच जोगिंदर नरवाल, जो दिल्लीच्या आधीच्या विजेतेपदात कप्तान होता आणि बचावपटू होता. संघात फझल. म्हणजे तीन वर्षं सलग, जिंकणाऱ्या संघात एक तगडा कोपरारक्षक आणि त्याला ओळखणारा कोच. तीन म्हणजे काही मोठा डेटा नव्हे, हे मलाही कळतं. पण तुमच्याकडे उलट डेटा असेल तर आणा.

पकडीला कोचच का लागतो हे जरा सांगतो, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. रेडर एकटा असतो, त्याची हुशारी त्याच्याच डोक्यात. वेगवान पोरगा गल्लीत खेळून खेळूनही बरा रेडर होतो. बचाव म्हणजे सात जणांनी एका डोक्याने विचार करायचा. कोपरारक्षकाने घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्धा सेकंद उशिरा आला की रेडर दोघांना घेऊन मध्यरेषेवर पडतो. कोपरारक्षक अर्धा सेकंद आधी गेला की रेडर हसत हसत त्याला हात लावून जातो. कधी थांबायचं, कधी जायचं, तिसऱ्या चढाईला, म्हणजे गुण न मिळाल्यास रेडरच बाद होणार तेव्हा, त्याला किती आत येऊ द्यायचं, हे सांगून येत नाही. शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. आणि नुसतं आडवंतिडवं शरीर चालत नाही, पुरुषांना वजनाची मर्यादा ८५ किलो आहे. लागतात ती मनगटं, पाठ, आणि खाली वाकून तसंच राहायची सवय.

आमच्या धंद्यातही हेच आहे. डेमो देणाऱ्याला टाळ्या, रात्री दोनला पडलेला सर्व्हर उठवणाऱ्याला ‘थँक्स टीम’ असा मेल. त्याला कोण शिकवतं, हे तर कुणी विचारतच नाही. असो. ऑफिसचं रडगाणं पुढच्या शनिवारी.

कोच नेमण्याची खरी गोष्ट ऐकायची असेल तर नाशिकची ऐका. शैलजा जैन. आयुष्यभर नाशकात मुलींना कबड्डी शिकवलेली बाई. भारताच्या संघाची जबाबदारी काही त्यांच्याकडे आली नाही. इराणने त्यांना बोलावलं. त्या गेल्या, फारसी शिकल्या, मुलींकडून योगासनं आणि प्राणायाम करून घेतले. ऑगस्ट २०१८, जकार्ता, आशियाई खेळ. महिलांच्या अंतिम सामन्यात इराण २७, भारत २४. त्याआधीची दोन्ही सुवर्णं आपली होती. आदल्याच दिवशी पुरुषांच्या उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ हरवलं होतं. १९९० पासून एकही सुवर्ण न सोडलेला संघ! अठरा गुण म्हणजे आपले रेडर जाऊन जाऊन अडकत होते, दुसरं काय. त्या दिवशी आमच्याकडे लोक पंचांना शिव्या घालत होते, मॅटला घालत होते. नाशिकची बाई तिकडे का जावी लागली, हा प्रश्न एका चहाच्या टपरीवर मी विचारला, तर एक काका म्हणाले, “बाईला पैसे जास्त दिले असतील.” मग आपण का नाही दिले, काका?

(२०२३ मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णं परत आली, पुरुषांचं इराणला ३३-२९ हरवून. शेवटी-शेवटी एका चढाईवरून जे भांडण झालं त्यावर वेगळी पोस्ट होईल.)

आता वडवणी. गावाकडच्या पोरांचा फोन आला होता. यंदा मोठी स्पर्धा भरवायची आहे, बक्षीस दणदणीत ठेवायचंय, आणि आपल्या संघासाठी बाहेरून दोन रेडर आणायचेत. “दादा, तुम्ही पुण्यात हाव, दहा हजार तर टाकसाल का नाही?” मी विचारलं रेडरचे किती? म्हणाला, येण्या-जाण्याचं, राहण्याचं धरून दोघांचे तीस हजार, तीन दिवसांचे. कोच कोण आहे? “कोच कशाला लागतोय, रेडर लई भारी हायत.”

तीन दिवसांचे तीस हजार. तेवढ्यात एखादा जुना, नोकरीतून निवृत्त झालेला कबड्डीपटू आठवड्यातून दोनदा वडवणीत येऊन काही महिने पोरांना शिकवेल. अशी माणसं आपल्या राज्यात आहेत. बँका, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या, बंदर, सगळ्यांनी वर्षानुवर्षं कबड्डीवाले नोकरीला घेतले. घरी बसून सामने बघत आरडाओरडा करतात बिचारे. मी स्वतः एकाशी बोललो, त्यांना पैशापेक्षा प्रवासाची जास्त काळजी होती.

आणि पोरं? दणकट पोरांसाठी बीड जिल्ह्याने बाहेर बघायचं म्हणजे समुद्रकाठच्याने मीठ विकत आणायचं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे कुणाला तरी दिसलं की हा पळू शकतो. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य, २०२३ ला आशियाई सुवर्ण. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ ला राष्ट्रकुलात कुस्तीचं सुवर्ण घेऊन आला. पोरांत दम आहे हे पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. प्रश्न बघणाऱ्या डोळ्यांचा आहे.

आमच्याकडे तसे डोळे असलेला एकच माणूस आहे, ऊसतोडीचा मुकादम. गंमत नाही करत. कारखान्याकडून पैसा उचलायचा, पावसाळ्यात गावोगाव फिरून जोडप्यांना उचल द्यायची, टोळी बांधायची. कुणाची पाठ वाकते, कोण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, कोण चार दिवसांत ताप काढून झोपतो, हे त्याला बघता क्षणी कळतं. कुठल्याही फ्रँचायझीच्या टॅलेंट स्काउटने त्याच्याकडे एक पावसाळा उमेदवारी करावी. पण तो माणूस निवडतो तो फडासाठी. लिलावातल्या उचलीनंतर खेळाडू मोठा होतो आणि मुकादमाच्या उचलीनंतर माणूस पुढच्या वर्षीही तिथेच असतो, कारण फिटली नाही तर ती डोक्यावर राहते.

माझ्या चुलतभावाचं सांगतो. नाव नको. आठवी-नववीत त्याच्यासारखा डावा कोपरा मी अजून पाहिला नाही. घोटा धरला की सुटायचा नाही, मोठी माणसंसुद्धा त्याच्या बाजूने चढाई करायला कचरायची. त्याला कुणी कधीच शिकवलं नाही, शाळेत खेळाच्या तासाला गणित व्हायचं. आणि निवड चाचण्या, शिबिरं, जिल्ह्याचे सामने यांचे दिवस कोणते? बहुतेक दिवाळीनंतरचे. दिवाळीला आमचं अर्धं गाव ट्रॅक्टरमध्ये बसलेलं असतं, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. तो आईबापाबरोबर जायचा. दहावी झाली, लग्न झालं, आता त्याचा स्वतःचा कोयता आहे. मागच्या वर्षी मी त्याला फोनवर शादलुईची एक पकड दाखवली. दोनदा बघितली त्याने. म्हणाला, “ह्याचा उजवा पाय बघ, आधीच वळलाय.” मी ती क्लिप आधी वीस वेळा बघितली होती, मला पाय दिसला नव्हता.

म्हणून मी पोरांना कळवलं की रेडरसाठी एक रुपया देणार नाही. कोच आणत असाल तर दहाचे वीस हजार देतो, आणि पुण्यातल्या आमच्याकडच्या अजून चार-पाच जणांकडून काढून देतो. अट एकच, सराव जून ते दसरा झाला पाहिजे, टोळ्या निघायच्या आत, आणि निवड त्याच काळात. मॅट नको, माती चालेल. पकडीचं शिक्षण मातीत जास्त चांगलं होतं असं माझं मत आहे, तज्ज्ञांनी हवं तर कान धरावा. १५ जुलैला बुवा साळवींचा जन्मदिवस, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी नुसता फोटोला हार घालण्याऐवजी चाचणी ठेवा. गावातले सगळे पंधरा ते अठराचे बोलवा, आणि कोचला रेडरकडे न बघता खाली वाकून उभ्या पोरांकडे बघायला सांगा.

ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. मग एकाने अंगठा टाकला, एकाने “दादा, पब्लिक रेडर बघायला येतंय, कोच बघायला नाही” असं लिहिलं. मुद्दा खोटा नाही. त्यावर अजून वाद चालू आहे, आणि वर्गणीच्या वहीत माझ्या नावापुढे सध्या पेन्सिलीने वीस लिहिलेत.