हिंजवडीचा रविवार
नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीचा भोंगा झाला की कामगार सुटे. हिंजवडीतील आमच्या पदवीधर मुलांना भोंगाच नाही! राज्याच्या २०१७ च्या आस्थापना कायद्यातील दिवसाची नऊ तासांची मर्यादा दहावर नेण्याचे मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरविले. पण भूमकर चौकातील खोळंबा सोसून घरी पोचल्यावर परदेशातून येणारे फोन कोणत्या हजेरीपटावर चढतात? थकल्या जिवाला कंपनी ध्यानधारणेचा वर्ग देते, आणि पगाराचा आकडा चारचौघांत सांगणारे आपण पालक ‘जरा सोस’ म्हणतो. रात्री फोन बंद ठेवण्याचा हक्क कायद्यात लिहून घेण्यासाठी या तरुणांनी संघटित व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.