साळिंदराचा खड्डा

झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाई आठवतात. याच झाशीत १९६२ पासून गवत आणि चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. गवत वाढते ते मातीतल्या सूक्ष्म जीवांच्या बळावर. बुंदेलखंडच्या उन्हाळ्यात ओल संपली की त्यांतले कित्येक मरतात, उरलेले निपचित पडतात. अशा वेळी माळावरचे साळिंदर कामी येते. कंदमुळांसाठी त्याने रात्री उकरलेल्या खड्ड्यात पालापाचोळा साचतो, पावसाचे पाणी मुरते. ओल टिकली की सूक्ष्म जीव जागे होऊन पाचोळ्याचे खत करतात. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात याच जातीच्या साळिंदराच्या खड्ड्यांत आजूबाजूपेक्षा जास्त रोपे उगवतात, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. साळिंदर पिकांची नासाडी करते हे खरे. पण माळावरचा त्याचा खड्डा बुजवण्याची घाई नको!