बलवान पात्र, दुबळा पंच

"मामू, तुम्हीच मला मामा बनवलंत," असं म्हणून माझ्या भाच्यानं वही मिटली, फासे पिशवीत टाकले आणि चपला घालून तो निघून गेला. अकरावीतला मुलगा. मोठ्यांना उलटून बोलायची त्याला सवय नाही. म्हणूनच ते वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं. आज त्यावर लिहितोय, कारण चूक त्याची नव्हती, माझी होती. आणि हीच चूक करून वर तिला हुशारी समजणारे पुष्कळ आहेत.

आधी खेळाविषयी, कारण बऱ्याच वाचकांना तो ठाऊक नसेल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेतला खेळ, 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला. ना पट, ना सोंगट्या आवश्यक. चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो. एक जण डंजन मास्टर होतो. तो गोष्ट पुढे नेतो, राक्षसांची बाजू खेळतो आणि पंचही तोच असतो. काय करायचं ते तोंडानं सांगायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. भाच्यानं हे वेड घरात आणलं. दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर आमच्याकडे बैठक बसते: भाचा, त्याचे दोन मित्र, नववीतली माझी मुलगी आणि डंजन मास्टर म्हणून मी.

भाच्याचं पात्र दोन वर्गांचं मिश्रण होतं. दोन लेव्हल पॅलाडिन, पाच लेव्हल वॉरलॉक, त्यातही हेक्सब्लेड. खेळणाऱ्यांना एवढ्यावरच हसू येईल, कारण ही जोडी बदनाम आहे. इतरांसाठी हिशेब मांडतो. पॅलाडिनला 'स्माइट' येतो: वार बसल्यावर मंत्रशक्तीचा एक स्लॉट खर्च करून जादा इजा करायची. वॉरलॉककडे स्लॉट मोजके, पण ते दमदार असतात आणि तासाभराच्या विश्रांतीत परत मिळतात. पॅलाडिनला आपले स्लॉट परत मिळायला रात्रभराची झोप लागते. म्हणजे खर्च करायची कला एकाची आणि लवकर भरणारी तिजोरी दुसऱ्याची. तलवारीचे सरासरी साडेचार, करिश्म्याचे चार, हेक्सब्लेडच्या शापाचे तीन आणि स्माइटचे चार आठफाशे म्हणजे सरासरी अठरा. एका वाराचे साडेएकोणतीस. पाळीला वार दोन. दोन्ही बसले तर 59.

आता 2014 च्या आवृत्तीत ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाचे हिट पॉइंट किती? बरोबर 59.

त्या दिवशी गुहेच्या तोंडावरचा ओगर पहिल्याच पाळीत आडवा झाला. मंडळींनी तासभर विश्रांती घेतली. दुसरा ओगरही तसाच गेला. पुन्हा विश्रांती. तिसरा ओगर आला तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. "फार शहाणा झालायस, थांब," असं मनातल्या मनात म्हणत मी पुठ्ठ्याच्या पडद्याआड 59 खोडून 120 लिहिले. पहिल्या पाळीत भाच्यानं 63 ची इजा केली, ओगर उभा. पुढच्या पाळ्यांत बेरीज 98 वर गेली, तरी उभाच. त्यानं विचारलं, "मामू, हा ओगर वेगळा आहे का?" मी म्हणालो, "जरा दणकट आहे." तो वहीत बघत शांतपणे म्हणाला, "ओगरचं सूत्र सात दहाफाशे अधिक एकवीस. सगळे दहाच पडले तरी 91." मी गप्प. मग ते वाक्य आलं.

याच्यावर सल्ला मागितला की अनुभवी मंडळी दोन गोष्टी सांगतात. एक, अशा मिश्रणांवर सरळ बंदी घाला. दोन, राक्षस गुपचूप वाढवा, खेळाडूला कळत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: ज्यानं नियम नीट वाचले तो लबाड. मला ही समजूत मान्य नाही, शिक्षक म्हणून तर मुळीच नाही. हा मुलगा पाठ्यपुस्तकातला दोन पानांचा धडा वाचायला का-कू करतो. त्यानंच इंग्रजीतली तीनशे पानं वाचली, दोन दूरच्या प्रकरणांतले नियम एकमेकांना जोडून पाहिले, सरासरी काढल्या. वर्गात हे कुणी केलं असतं तर मी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं असतं. आणि घरी मी काय केलं? त्याच्या वाचनाला दंड ठोठावला, तोही चोरून.

"खेळच तर आहे, एवढं काय?" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग फासे कशाला टाकता? फासा टाकायचा म्हणजे निकाल तुमच्या-माझ्या हातात नाही हे दोघांनी कबूल करायचं. पडलेला आकडा पाहून मी पडद्यामागे राक्षसाचं आयुष्य वाढवलं, तर मुलाचे सगळे फासे खोटे ठरले. ओगर दणकटच हवा होता तर तसा आधी उभा करायचा होता. अंगावर चिलखत, जुन्या जखमांचे व्रण, गावकऱ्यांनी सांगितलेली त्याची दहशत. मग ती गोष्ट झाली असती. मी केला तो दगा होता.

यावर एक पाठ केलेलं उत्तर येतं: "डंजन मास्टरच्या पुस्तकातच पडद्याआड फासे टाकून निकाल फिरवायची मुभा आहे." आहे, मीही वाचलंय. पण गंमत बघा. भाच्याला त्याच्या पात्राबद्दल विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता: "पुस्तकात मुभा आहे." म्हणजे खेळाडूचं "नियमात बसतं" आपल्याला पळवाट वाटतं आणि आपलं "नियमात बसतं" मात्र अधिकार वाटतो. हा कुठला इन्साफ?

पण म्हणून भाच्याचं सगळं बरोबर होतं असंही नाही. 2014 च्या पुस्तकात दोन वर्ग मिसळणं हा मुळात ऐच्छिक नियम आहे, तो डंजन मास्टरच्या संमतीनं लागू होतो. त्यामुळे "नियमात आहे, सबब माझा हक्क" हे खरं नाही. ती बैठकीनं दिलेली परवानगी आहे. आणि ती देताना मी नीट वाचलं नव्हतं, हा दोषही माझाच.

खरा अन्याय वेगळ्याच जागी चालला होता आणि तो मला दिसलाच नाही. मी राक्षसाची काळजी करत होतो. माझ्या मुलीचं पात्र 'रोग' वर्गातलं. आजारपणाशी संबंध नाही. कुलपं उघडणारं, दबक्या पावलानं जाणारं पात्र. तिसऱ्या ओगरच्या आधीच ती उठून आईला चहा करू लागायला गेली होती. जाताना म्हणाली, "अब्बा, माझी पाळी आली की हाक मारा." तासाभरात तिनं एकदाही फासा टाकला नव्हता. तिची पाळी येण्याआधीच लढाई संपत होती.

बी.एड.च्या सराव पाठात मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनी माझ्या टाचणावर शेरा मारला होता की प्रश्न फक्त पहिल्या दोन बाकांना विचारले गेले. त्यांनी हुशार मुलांना गप्प बसवायला सांगितलं नव्हतं. प्रश्न वेगळे विचारायला सांगितलं होतं. वीस वर्षं वर्गात ते पाळलं आणि घरच्या बैठकीत विसरलो. पात्र किती बलवान आहे हा प्रश्नच नाही. बाकीच्यांना करायला काही उरतं का, हा प्रश्न आहे. चौघंही तितकेच बलवान असते तर मी दुप्पट ओगर आणले असते आणि मजेत खेळ झाला असता.

पुढच्या रविवारी भाच्याला बोलावून आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी आकडा बदलला होता. चाळिशी उलटलेल्या मामूला हे जड गेलं, पण गेलं. मग चर्चा झाली. आमच्या मोहल्ल्यात कॅरमचा एक वस्ताद होता. तो बसला की बाकीच्यांना फक्त सोंगट्या मोजायचं काम उरायचं. त्याला कुणी खेळातून काढलं नाही आणि बोर्डाखालून पाचरही मारली नाही. तोंडावर सांगितलं, "भाई, तू डाव्या हातानं खेळ." तो हसून खेळायचा आणि तरी बरेचदा जिंकायचा. अट उघड असली की तिच्यात अपमान नसतो.

आम्हीही अटी उघड केल्या. स्माइट पाळीला एकदाच. हे माझं डोकं नव्हे. 2024 च्या सुधारित पुस्तकात निर्मात्यांनीच स्माइटला तसा लगाम घातला आहे, आणि तो छापून, सगळ्यांना दिसेल असा. ही अट भाच्यानंच वाचून दाखवली. बदल्यात त्यानं मागितलं की मी फासे पडद्याबाहेर टाकावेत. कबूल केलं. शत्रूच्या गुहेत तासभर लोळायचं तर तेवढ्या वेळात शत्रूही काहीतरी करणार, हेही आधीच सांगून टाकलं. आणि मुख्य काम मी माझ्याकडे घेतलं: लढाई अशी रचायची की एका तलवारीनं ती सुटणार नाही.

त्या दिवशी दोन ओगर पुलावर होते, पलीकडे कोंडलेले गावकरी होते आणि कोठडीत पाणी चढत होतं. भाच्यानं पूल अडवून धरला. एक ओगर त्यानं जवळजवळ एकट्यानं पाडला, अगदी थाटात. मी एकही आकडा हलवला नाही. तेवढ्यात मुलगी कठड्याखालून सरकत कुलपापाशी पोहोचली. पहिला फासा फसला, पाणी कमरेपर्यंत आलं. दुसऱ्या फाशाला कुलूप उघडलं. सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो भाचा.

आता डंजन मास्टर मंडळींना थेट सांगतो, आणि ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही पण ज्यांच्या हातात वर्ग आहे, घर आहे, त्यांनाही. हुशार मुलानं तुमच्या नियमांतली फट शोधली तर आधी शाबासकी द्या. मग सगळ्यांसमोर ती फट कशी बुजवायची ते त्यालाच विचारा. आणि चहा करायला उठून गेलेल्या मुलीला हाक मारा. पडद्याआड खोडलेला आकडा मुलांना कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात.